बांडगुळाचे वकीलपत्र

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयाचा वार्षिक समारंभ झाला. पाहुणे बोलके होते आणि विषय तरुण पिढीचा होता, म्हणजे ऐकणाऱ्यांनी नुसत्या माना डोलवायच्या होत्या. बोलता बोलता पाहुण्यांना जोर चढला. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "ही समाजवृक्षावर वाढलेली बांडगुळे आहेत. ती वेळीच छाटली पाहिजेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी काही टाळी वाजवली नाही. शेजारी बसलेल्या आमच्या भावोजींनी ते बरोबर हेरले आणि घरी परतताना विचारले, "वहिनी, आज तुमचे हात का आखडले?"

मी म्हटले, "भावोजी, ज्याच्या नावाने शिवी हासडली ते बिचारे सभेत हजर नव्हते. कोणीतरी त्याची बाजू घ्यायला नको का?"

"कोणाची? बांडगुळाची?"

"बांडगुळाचीच."

भावोजी मोठ्याने हसले. भर रस्त्यात भांडण नको म्हणून मीही तेव्हा विषय सोडून दिला. पण मी पस्तीस वर्षे मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. गप्प बसण्याची सवय मला नाही, आणि संपादकांनी दिवाळी अंकात चार पाने देऊ केल्यावर तर मुळीच नाही. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता हे वकीलपत्र ऐकून घ्या.

आधी आरोप मान्य करून टाकते. बांडगूळ झाडावर वाढते, झाडाच्या फांदीत आपले चूषक घुसवते आणि पाणी व क्षार ओढून घेते. आंब्यावर त्याचा भार झाला की फांदी वाळते, फळ कमी धरते. माझ्या माहेरच्या कलमांवरची बांडगुळे आम्ही दरवर्षी काढतो आणि यापुढेही काढू. कोकणातल्या बागायतदाराला मी शहाणपण शिकवायला निघालेले नाही. संस्कृतात त्याला वृक्षादनी म्हणतात, म्हणजे झाडखाऊ. तेही काही उगाच नव्हे. पण त्याची पाने नीट पाहिली आहेत का? हिरवीगार, जाड, तकतकीत असतात. ती पाने उन्हात आपले अन्न आपण तयार करतात. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी न विचारता शेंदणारे, पण भाकरी स्वतः भाजणारे असे हे बिऱ्हाड आहे. पाहुण्यांच्या मनात जो आयतोबा होता, त्याला शोभेल असे हे उदाहरणच नव्हे.

आणि न्याय करायचाच तर सारखा करा. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुम्ही अंगाला उटणे लावता त्यात चंदन असते. देवाच्या कपाळी चंदन, पाहुण्यांच्या हाराबरोबर चंदनाचा टिळा. चंदन आणि बांडगूळ भाऊबंद आहेत, हे त्या पाहुण्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी टिळा पुसला असता काय? दोघेही वनस्पतींच्या एकाच गणातले, आणि त्या गणाचे नावच मुळी चंदनावरून पडलेले आहे. चंदनाचे रोप आपली मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना जोडते आणि त्यांतून पाणी व क्षार ओढते. एकटे चंदन नीट वाढत नाही, म्हणून रोपवाटिकेत त्याच्या जोडीला तुरीचे रोप लावतात. फरक एवढाच की चंदनाची उचलेगिरी जमिनीखाली चालते आणि बांडगुळाची सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फांदीवर. समाजातही असे पुष्कळदा दिसते, पण त्या वाटेला आज मी जात नाही.

शिवीचे दुःख तसे थोडे. मला झोंबते ती दुसरीच गोष्ट. ज्याला शिवी देतो त्याच्याकडे आपण कधी डोळे उघडून पाहिलेले नसते, आणि जो कोणी पाहतो त्याला आपण रिकामटेकडा समजतो. याविषयी सांगायचे तर आफ्रिकेत जावे लागेल. दूरचा प्रवास आहे, पण वाट गोव्यावरून जाते, तेव्हा फारसे परके वाटणार नाही.

२०१० सालच्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, वर्तमानपत्रांत एक चिमुकली बातमी आली होती. मोझांबिक देशात उष्ण प्रदेशातील बांडगुळाची एक नवी जात सापडली, असा तिचा मजकूर. विलायतेत नाताळात दारावर जे बांडगूळ टांगतात आणि ज्याच्याखाली उभे राहून मुके घेतात, ते वेगळ्याच घराण्यातले. परंतु बातमीदारांना नाताळ सापडला आणि त्यांनी त्या मुक्यांवरच अर्धी बातमी खर्ची घातली. नवी जात बाजूलाच राहिली.

तिची हकीकत अशी. मोझांबिकच्या उत्तरेकडे झांबेझिया प्रांतात माबू नावाचा डोंगर आहे, सुमारे सतराशे मीटर उंचीचा. त्याच्या अंगावर सुमारे सात हजार हेक्टरांचे सलग सदाहरित अरण्य आहे. मध्यम उंचीवरचे एवढे मोठे सलग पर्जन्यवन दक्षिण आफ्रिका खंडात दुसरे नाही असे जाणकार सांगतात. २००५ साली ज्यूलियन बेलिस या अभ्यासकाने उपग्रहाच्या छायाचित्रांत हा हिरवा डाग हेरला. २००८ साली लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती-उद्यानाच्या पुढाकाराने अनेक देशांच्या अभ्यासकांची मोठी तुकडी, मोझांबिकचे आपले वनस्पतितज्ज्ञ बरोबर घेऊन, तेथे जाऊन राहिली. त्या अरण्याने पुढे काय काय दिले! एक विषारी साप २००९ साली, एक वटवाघूळ २०१२ साली, बोटाएवढा एक सरडा २०१४ साली. शास्त्राच्या वहीत यांतले आधी काहीच नव्हते.

वर्तमानपत्रांनी या अरण्याला 'गूगलचे जंगल' असे नाव ठेवले. हे नाव वाचून माझ्या कपाळाची शीर उठते. मोझांबिकमध्ये १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध पेटले होते. डोंगराच्या पायथ्याचे चहाचे मळे ओस पडले आणि आसपासची माणसे जीव वाचवायला याच अरण्यात शिरली. ज्यांची लेकरे त्या झाडांच्या आडोशाने जगली, त्यांना हे जंगल संगणकाच्या पडद्याने दाखवून द्यावे काय? उद्या कोणी आमच्या आंबोलीच्या घाटाला एखाद्या छायाचित्राचे नाव दिले, तर आंबोलीकर काय म्हणतील ते छापण्याजोगे नसेल. बेलिस यांच्या नजरेचे मोल मला आहे. चित्रातला डाग पाहून जे तेथवर पायपीट करतात ते फार थोडे. पण 'शोध लागला' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. माबूचे अरण्य कधी हरवलेलेच नव्हते.

मग त्या बांडगुळाचा तरी शोध लागला का? माझे म्हणणे असे की शोध लागला नाही, वर्णन झाले. आणि या दोहोंत वर्णन हेच मोठे काम आहे. नवी जात सापडत नसते, ती वर्णावी लागते.

माबूच्या शिखराच्या अलीकडे, दाट झाडी संपून उघडा काळा खडक डोके वर काढतो तेथल्या वाटेवर, कॉलिन काँग्डन यांची नजर या बांडगुळावर गेली. गंमत पाहा, हे गृहस्थ वनस्पतितज्ज्ञ नव्हेत, फुलपाखरांचे अभ्यासक. मग फुलपाखरांच्या माणसाने बांडगुळाकडे का पाहावे? कारण आफ्रिकेतल्या निळ्या पंखांच्या एका फुलपाखरू-कुळातील सुरवंट बांडगुळाचा पाला खाऊन वाढतात. ज्याला ते फुलपाखरू हवे त्याला बांडगूळ ओळखावेच लागते. शेजारच्या मलावीत आणि टांझानियात त्यांनी डोंगर पालथे घातले होते. तिकडच्या कोणत्याही बांडगुळाशी हे जुळेना. म्हणून त्यांनी ते थांबून पाहिले. त्यांच्याआधी त्या वाटेने गेलेल्यांनी ते पाहिले नसेल असे थोडेच आहे? 'आपल्याला ठाऊक असलेल्यांपैकी हे नव्हे' असे म्हणायला आधी पुष्कळ काही ठाऊक असावे लागते.

येथून पुढचे काम वर्तमानपत्रात कधीच येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. फांदी तोडायची, फुले-पाने दिसतील अशी कागदाच्या घडीत मांडायची, दाबून वाळवायची. ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवून चिठ्ठी लावायची: कोठे, कोणत्या उंचीवर, कोणत्या झाडावर, कोणत्या दिवशी, कोणी. मग हा वाळका पाला संग्रहालयात जातो. तेथे शे-दोनशे वर्षांत जमलेल्या तसल्याच वाळक्या पाल्याशेजारी तो ठेवायचा आणि एकेक नमुना ताडून पाहायचा. वाळलेली कळी गरम पाण्यात टाकली की मऊ पडते. भिंगाखाली सुईने तिचा पदर न् पदर उलगडायचा. पाकळ्या किती? सुट्या की जोडलेल्या? परागकोश कसा? केस कोठे आहेत? आणि हे सगळे आजवर वर्णिलेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी जुळवून पाहायचे. कारण आपण 'नवी' म्हणायची आणि ती कोणी शंभर वर्षांपूर्वीच कोठल्याशा पुस्तकात वर्णिलेली निघायची, याहून मोठी फजिती या शास्त्रात नाही. माबूच्या बांडगुळाच्या बाबतीत या पंक्तीला रॉजर पोल्हिल होते. आफ्रिकेतल्या बांडगुळांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी डेल्बर्ट वीन्स यांच्या जोडीने १९९८ साली प्रसिद्ध केला होता.

२००८ साली फांदी तोडली गेली, आणि हॅरिस, डार्बीशायर व पोल्हिल या तिघांच्या सहीने वर्णन छापून आले ते २०११ साली. वनस्पतीच्या नव्या जातीचे वर्णन निदान थोडक्यात तरी लॅटिन भाषेत दिलेच पाहिजे, असा नियम २०११ च्या अखेरपर्यंत होता. म्हणजे हे बारसे जवळजवळ शेवटच्या लॅटिन मंत्रांत झाले. बारशाच्या वेळी एक नमुना कायमचा साक्षीदार म्हणून नेमावा लागतो. पुढे कधी वाद निघाला तर त्या पुठ्ठ्यापुढेच निवाडा होतो.

नाव ठेवले हेलिक्सँथेरा शिझोकॅलिक्स. पहिले आडनाव आणि दुसरे पाळण्यातले नाव. पाळण्यातल्या नावाचा अर्थ 'फाटक्या निदलपुंजाची'. निदलपुंज म्हणजे फुलाचे बाहेरचे आवरण. बांडगुळांच्या फुलात ते एवढे लहान असते की नुसती एक कड उरते. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना ती परीक्षेच्या दिवशीसुद्धा दिसत नसे. त्या कडेचे फाटणे जिने-ज्याने न्याहाळले, त्याच्या डोळ्यांना मी नमस्कार करते.

आडनावाची कथा तर थेट आपल्या दारातून जाते. हेलिक्सँथेरा म्हणजे पीळदार परागकोश. हे नाव १७९० साली जुआंव द लोरेरू या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याने आपल्या ग्रंथात दिले. हा गृहस्थ उमेदीच्या काळात गोव्यात राहिला होता. पुढे कोचिनचीन म्हणजे आजच्या व्हिएतनामकडे गेला आणि पस्तीसएक वर्षे तेथे राहिला. त्याच्या ग्रंथाच्या लांबलचक नावातच कोचिनचीनबरोबर चीन, पूर्व आफ्रिका आणि हिंदुस्थान आलेले आहेत. त्या काळी लिस्बनची गलबते मोझांबिकला थांबत गोव्याला येत, आणि १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभारच गोव्यातून हाकला जाई. अशा माणसाने आशियातल्या बांडगुळाला दिलेले आडनाव, दोनशेवीस वर्षांनी माबू डोंगरावरच्या बांडगुळाला लागले. अहो, लोकांच्या वंशावळी तरी इतक्या नीट ठेवलेल्या असतात का?

हे सगळे मी एकदा भावोजींना सांगितले. भावोजींनी जन्मभर कारखान्यात यंत्रे चालवली; माणूस हुशार आणि सरळ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळे ठीक आहे, वहिनी. पण त्याचा उपयोग काय?"

या प्रश्नाला मी जन्मभर तोंड देत आले. पालक विचारतात, प्राचार्य विचारतात, अनुदान देणारे विचारतात. याला माझे एक उत्तर रागाचे आहे आणि एक शांतपणाचे. शांतपणाचे आधी देते. सालिम अली यांनी १९३१ साली आपल्या कोकणातल्या बांडगुळावर एक निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. शिंजीर पक्षी फुलांतला मध पितो आणि परागकण नेतो. फुलटोच्या चिकट फळ गिळतो, बी त्याच्या पोटातून चिकटच बाहेर पडते आणि फांदीला जाऊन बसते. ज्या बांडगुळाला आपण आयतखाऊ म्हणतो त्याच्या घरी ही एवढी पंगत. पुढे ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी एक धाडसाचा प्रयोग केला. काही वनांतून त्यांनी बांडगुळे अगदी वेचून काढून टाकली आणि तीन वर्षे वाट पाहिली. २०१२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तेथल्या वनावरच अवलंबून राहणाऱ्या पक्ष्यांच्या जाती सरासरी एक-चतुर्थांशाहून अधिक कमी झाल्या होत्या. समाजवृक्षावरची बांडगुळे छाटा म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. छाटल्यावर झाडे राहिली, पण पाखरे गेली.

आता रागाचे उत्तर. माणसाच्या मुलाचे नाव नोंदवताना 'याचा उपयोग काय' असे कोणी विचारीत नाही. ज्याला नाव नाही त्याची गणती होत नाही, ते कोणत्याही संरक्षणाच्या यादीत बसत नाही, आणि ते नाहीसे झाले तर काय गेले हेही सांगता येत नाही. माबूच्या पायथ्याशी शेतीसाठी रान जाळतात, लाकूड तोडतात. पोटासाठी चालले आहे, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या डोंगराच्या वतीने कोणाकडे दाद मागायची तर आत काय काय आहे त्याची यादी हवी ना? जगात दरवर्षी सुमारे दोन हजार नव्या वनस्पती वर्णिल्या जातात, म्हणजे बारशाविना राहिलेल्या अजून किती असतील याची कल्पना करा. आणि ती बारशी करणारी माणसे आपण मोडीत काढत आहोत.

मोडीत हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. मी निवृत्त झाले त्यानंतर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. ज्या महाविद्यालयात मी शिकवीत होते त्याचे नाव सांगत नाही. तेथे माझे आयुष्य सुखात गेले. तेथल्या शिपायाचा एका संध्याकाळी निरोप आला, "बाई, तुमची पाल्याची कपाटे खाली काढतायत." संगणकाच्या नव्या खोलीसाठी जागा हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गठ्ठे चढले होते. पुठ्ठा जाड, वजनाला बरा. वाळकी पाने तेवढी तो झटकून मागच्या आवारात टाकत होता. चाळीस वर्षांतल्या सहलींची ती पाने. कोणी करवंदीत हात ओरबाडून आणलेली, कोणी पावसात पोलक्याखाली लपवून आणलेली. साहेब भले होते. म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आता सगळ्यांचे फोटो फोनवर मिळतात." मी विचारले, "फोटोतली कळी गरम पाण्यात टाकता येते का?" त्यांना प्रश्न कळला नाही. तो त्यांचा दोष नव्हे. त्यांना कोणी कधी कळी उकलून दाखवलीच नव्हती. रद्दीच्या भावाने, रोख पैसे देऊन, मी दोन गठ्ठे सोडवून आणले. तेवढेच वाचले.

क्यूच्या कपाटांतला पाला जर असाच कोणी झटकला असता, तर माबूचे बांडगूळ नवे की जुने हे कोणत्या आधाराने ठरवले असते? त्या तिघांचे तीन वर्षांचे काम आधीच्या दोनशे वर्षांच्या रद्दीवर उभे होते. आणि आपण वर्तमानपत्रात वाचतो काय, तर 'शोध लागला'. जणू वाटेत पडलेले नाणे कोणाला मिळाले!

या दिवाळीच्या साफसफाईत ते दोन गठ्ठे माळ्यावरून खाली आले. भावोजी शिडी धरून उभे होते. वरचाच पुठ्ठा बांडगुळाचा निघाला. सह्याद्रीच्या एका घाटातला, १९६८ सालचा. माझ्याही आधीच्या कोणा विद्यार्थ्याने चिकटवलेला. अक्षर वळणदार, दौतीच्या शाईचे. जातीच्या नावाच्या जागी काहीच नाही. खाली पेन्सिलीने तीनच शब्द आणि एक चिन्ह: 'पाकळ्या सुट्या वाटतात?'

मी तेथेच खाली बसले. आंब्यावरच्या आपल्या नेहमीच्या बांडगुळाच्या पाकळ्या जोडून नळी झालेली असते. सुट्या पाकळ्या असतात त्या लोरेरूने आडनाव दिलेल्या घराण्याच्या. त्या घराण्याची काही माणसे सह्याद्रीच्या दक्षिण अंगालाही राहतात. नवीबिवी जात असण्याचा संभव जवळजवळ नाहीच. बहुधा जुनीच निघेल, किंवा त्या मुलाची नजर चुकलेली असेल. पण पन्नास वर्षांहून अधिक काळ हे प्रश्नचिन्ह तसेच आहे आणि पुठ्ठ्यावर अजून चार कळ्या शाबूत आहेत.

भावोजींनी माझा चष्मा आणून दिला. पुठ्ठा उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिला, मग म्हणाले, "वहिनी, पाणी किती गरम लागते?"

"चहाला लागते तेवढे," मी म्हटले, "पण आधी चिवडा भाजून होऊ दे."